जमिनीचं पार्सल? कुठे पाठवायचंय? (सातबाऱ्यावरच्या एका शब्दावरून)

वाडीतला

मंडळी, प्रश्न साधाच आहे, पण दोन दिवस डोक्यातून जात नाही.

आमच्या दापोली तालुक्यातल्या जागेचं हक्कसोडपत्र करायचं चाललंय. त्यासाठी सातबारा ऑनलाइन काढला. आमचा सातबारा म्हणजे अठरा गुंठे जागा आणि तेवीस नावं. कोकणातल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. त्यातले सात वारले, दोघांचा पत्ता नाही, एक जण मुंबईत असून बोलत नाही.

पुतण्या शेजारी बसून वाचत होता. वरच्या बाजूला 'यूएलपीआयएन' असं छापलेलं आणि पुढे भलामोठा आकडा. त्याने मोबाइलवर शोधलं आणि म्हणाला, "काका, ह्यातला पी म्हणजे पार्सल. युनिक लँड पार्सल आयडेंटिफिकेशन नंबर. जमिनीचं पार्सल करून कुठे पाठवायचंय?"

"अरे, तसं म्हणतात," असं म्हणून मी वेळ मारून नेली. पण खरंच, असं का म्हणतात? माझ्या डोळ्यांसमोर पार्सल म्हटलं की खाकी कागद, सुतळी, लाख, वर निळ्या शाईने पत्ता. नाहीतर एसटीच्या टपावर चढवलेली आंब्याची पेटी. गुंडाळणं, बांधणं, पाठवणं. जमीन कशी गुंडाळतात? इथे भाषेतले जाणकार आहेत, म्हणून धागा काढला.

चाकरमानी_चारशेवीस

भरून ठेवा. गणपतीला येतो तेव्हा गाडीच्या डिकीत टाकून नेतो. अठरा गुंठे बसतील.

वाडीतला

@चाकरमानी, तेवीस जणांची सही लागेल. डिकी परवडली.

शब्दवेडी

छान प्रश्न आहे. आणि गंमत अशी, की सातबाऱ्यावर जे छापलंय तेच पार्सल खरं जुनं. खाकी कागदातलं नंतरचं.

लॅटिनमध्ये 'पार्स' म्हणजे भाग. इंग्रजीतला पार्ट त्याच घरातला. आपण घराचं जसं घरकुल करतो, तसं त्या पार्सचं लहान रूप झालं 'पार्टिक्युला'. पुस्तकी वाटेने ते जसंच्या तसं इंग्रजीत आलं, तो आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातला पार्टिकल. बोलीच्या वाटेने आलं ते झिजत झिजत आलं. त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये 'पार्सेल' झालं आणि चौदाव्या शतकात ते इंग्रजीत शिरलं. तेव्हा त्याचा अर्थ एकच होता: तुकडा, हिस्सा. म्हणजे पार्टिकल आणि पार्सल ही सख्खी भावंडं. एक शिकून शहरात गेलं, दुसरं बाजारात वाढलं.

जमिनीच्या बाबतीत हा अर्थ कधी सुटलाच नाही. बायबलच्या १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरात याकोब शेताचा एक तुकडा विकत घेतो, तिथे 'पार्सल ऑफ अ फील्ड' असेच शब्द आहेत. 'पार्ट अँड पार्सल' हा वाक्प्रचारही त्याच अर्थाचा. त्याचा गुंडाळण्याशी काही संबंध नाही. दोन्ही शब्दांचा अर्थ भाग, जोर यावा म्हणून दोनदा. आपलं बाजारहाट म्हणा ना. शाळेत मी वर्षानुवर्षं मुलांना 'अविभाज्य भाग' असा अर्थ सांगत आले आणि पार्सल तिथे काय करतंय हे एकाही मुलाने विचारलं नाही. तुमच्या पुतण्याला शाबासकी द्या.

गुंडाळलेला अर्थ पायरीपायरीने आला. आधी कशाचाही तुकडा. मग मालाचा एक हिस्सा, व्यापारी ज्याला लॉट म्हणतात तो. हे पंधराव्या शतकात झालं. (हिऱ्यांच्या बाजारात अजूनही एका लॉटला पार्सलच म्हणतात, मग ते खडे कागदाच्या पुडीत असोत की टेबलावर पसरलेले.) मग एकत्र विकायचा माल एकत्र बांधलेला असतो म्हणून त्या गठ्ठ्याला तेच नाव चिकटलं, ते सतराव्या शतकाच्या मध्याला. ब्रिटिश टपालखात्याने १ ऑगस्ट १८८३ रोजी पार्सल पोस्ट सुरू केलं तोवर सामान्य माणसाच्या लेखी पार्सल म्हणजे कागद आणि दोरी हे पक्कं झालं होतं. आपल्याकडे टपाल आणि रेल्वेबरोबर जे आलं ते हे धाकटं पार्सल. थोरलं महसूलखात्याच्या इंग्रजीत राहिलं. तुमच्या पुतण्याला एकाच कागदावर दोघांची गाठ पडली.

पर्णकुटी

माफ करा, पण प्रत्येक गोष्ट लॅटिनमध्येच का शोधायची? आपल्याकडे पानात बांधून देण्याची पद्धत हजारो वर्षांची. पर्ण म्हणजे पान. पर्णसंपुट, पर्णसल, पार्सल. व्यापारी इथून माल घेऊन गेले तसा शब्दही घेऊन गेले. विचार व्हावा.

शब्दवेडी

विचार केला. 'पर्णसल' हा शब्द कुठल्या ग्रंथात आहे ते सांगा, मग पुढे बोलू. दुसरं म्हणजे इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा त्याला बांधण्याचा, पानाचा, कागदाचा कसलाच अर्थ नव्हता. पुडीवरून आला असता तर पुडीचा अर्थ आधी दिसला असता. तो आला तीनशे वर्षांनी.

बाकी आपल्याकडून गेलेले शब्द कमी नाहीत, त्यासाठी ओढाताण करायची गरज नाही. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या पायाला गुडघ्यापर्यंत गुंडाळलेल्या कापडाला इंग्रजीत 'पटी' म्हणतात, ती आपली पट्टी. 'बँडाना' हा बांधणीच्या बांधण्यावरून. कमरबंद तर सरळच दिसतो.

तेरेखोलपलीकडे

पोर्तुगीजमध्ये 'पार्सेला' म्हणजे हिस्सा, जमिनीचा तुकडा, हप्ता. पोस्टातल्या पुडक्याला ते हा शब्द वापरत नाहीत. फ्रेंचांचंही तेच, त्यांचं पार्सेल अजून शेतातच आहे आणि जर्मनांचं पार्त्सेलही. सगळ्या भावकीत एकट्या इंग्रजीनेच त्याला कागद गुंडाळला. माझी मावशी गोव्यात जुने पोर्तुगीज कागद वाचते. तिला मी एकदा 'पार्सल आलंय' म्हटलं तर म्हणाली, "किती चौरस मीटर?" आता कळलं, ती थट्टा करत होती.

पर्णकुटी

ठीक. माघार. पण पानात बांधण्याची पद्धत जुनीच आहे.

शब्दवेडी

ती आहेच. त्याबद्दल वाद नाही.

टंडेलाचा_नातू

मी इथे फारसं लिहीत नाही, वाचतो. पण ह्या धाग्यावर राहवलं नाही.

आमचे आजोबा बाणकोटचे. पोरवयात बोटीवर चढले ते म्हातारपणी उतरले. खलाशी म्हणून लागले, टंडेल म्हणून सुटले. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण बोटीवरचे इंग्रजी शब्द तोंडात पक्के. आणि त्यांच्या तोंडचं 'पार्सल' ना तुकडा ना गाठोडं. ते चक्क क्रियापद होतं. दोर पार्सल करायचा.

एक ओळ त्यांना पाठ होती. गोऱ्या खलाशांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. 'वर्म अँड पार्सल विथ द ले, टर्न अँड सर्व्ह द अदर वे.' लहानपणी मला ते गाणं वाटायचं. अर्थ त्यांनी करून दाखवला. माझ्या धाकट्या भावाचा पाळणा आढ्याला टांगायचा होता. दोर जिथे लाकडावर घासतो तिथे तुटतो. आजोबांनी दोर मांडीवर घेतला. दोराच्या पेडांमध्ये पिळाबरोबर फिरत जाणारी खाच असते, तिच्यात बारीक सुतळी दाबून बसवली. म्हणाले, हे वर्म. खाच भरली, दोर गोल झाला, आता पाण्याला आत शिरायला वाट नाही. मग जुन्या लुंगीच्या दोन बोटं रुंद पट्ट्या फाडल्या आणि जखमेला बांधतात तशा दोरावर गुंडाळत गेले, पीळ जिकडे जातो तिकडेच. हे पार्सल. बोटीवर लुंगी नसते, जुनं कॅनव्हास असतं, डांबर पाजलेलं. मग वरून पुन्हा सुतळी, पण आता उलट दिशेने, लाकडी मोगरीला वेढा देऊन ती दोराभोवती फिरवत, इतकी घट्ट की नख शिरेना. हे सर्व्ह. पिळाबरोबर गुंडाळलेलं उलट्या वेढ्याने आवळलं जातं, म्हणून सुटत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मी विसरलो नाही. पट्टी गुंडाळताना खालून वर जायचं. कौलं चढवताना आपण वळचणीकडून आढ्याकडे जातो ना, वरचं कौल खालच्यावर बसतं आणि पाणी घसरून जातं. दोरालाही तसंच. वरून खाली गुंडाळलीस तर प्रत्येक घडी म्हणजे पाणी धरायची वाटी.

आता शब्दवेडी ताईंचं वाचून माझ्या डोक्यात उजेड पडला. बोटीवरच्या पार्सलमध्येही मूळचा तुकडाच असणार. पट्टी म्हणजे फाडलेला तुकडाच की. जुन्या लाकडी जहाजांवर डेकच्या फळ्यांचे सांधे भरले की त्यावर कॅनव्हासची लांब पट्टी ठेवून वरून तापलेलं डांबर ओतायचे, त्यालाही पार्सलिंगच म्हणायचे. तिथे गुंडाळणं नाहीच, नुसती पट्टी.

पाळण्याचा दोर अजून आहे. भाऊ बेचाळीस वर्षांचा झाला.

शब्दवेडी

@टंडेलाचा_नातू, असं लिहिणारा माणूस नुसतं वाचत का बसतो? खालून वर गुंडाळायचं हे मला कुठल्याही कोशात सापडलं नसतं.

चाकरमानी_चारशेवीस

+१. मी थट्टा करायला आलो होतो, दोर वळायला शिकून चाललो.

भातमळणी

मोगरीवरून आठवलं. आमच्या वेंगुर्ल्याकडे भाताची मुडी बांधायचे. आता कोण बांधतो? प्लास्टिकची गोणी आली आणि ती विद्या गेली. पण माझ्या वडलांनी बांधलेली मी पाहिली आहे.

पेंढ्याची जाड दोरी वळायची. अंगणात पेंढा चक्रासारखा पसरायचा, मध्ये बियाणं ओतायचं, पेंढ्याची टोकं वर घ्यायची आणि दोरीने आवळत आवळत गोल भोपळ्यासारखा गोळा करायचा. आवळताना लाकडी थापीने चारी बाजूंनी ठोकायचं. ठोकल्याशिवाय मुडी बसत नाही. झाली की ती इतकी टणक की आम्ही पोरं तिच्यावर बसायचो. पावसाळाभर माळ्यावर चुलीच्या धुरात राहिली तरी आतलं भात ठणठणीत.

आता भाषेचं. मुडी म्हणजे आधी ते बांधणं. पण वडील 'यंदा बारा मुड्यांचं शेत' म्हणायचे, तिथे मुडी म्हणजे माप. म्हणजे आमचा शब्द गुंडाळण्याकडून मापाकडे गेला आणि इंग्रजांचा मापाकडून गुंडाळण्याकडे आला. वाटेत कुठेतरी भेटले असतील एकमेकांना.

शब्दवेडी

अगदी. पुडा घ्या. संस्कृत पुट म्हणजे घडी, दुमड, पानाचा द्रोण. त्यापासून पुडा, पुडी. गुंडाळण्यातून जन्मलेला शब्द. आणि आज? 'बिस्किटाचा एक पुडा' म्हणजे एक नग. साखरपुड्यात तर पुडा आहे म्हणूनच त्याला ते नाव, पण कार्डावर नाव वाचताना साखरेची पुडी कुणाच्या मनात येते? फुलपुडीत मात्र पान अजून शाबूत आहे. आमच्या गल्लीत फुलवाली आजही केळीच्या पानात बांधून दाराच्या कडीला अडकवते.

सावंतवाडीचो_झील

तुमी सगळे शिकलेले. आमच्याकडे पार्सल म्हणजे माणूस. गावात कोण नवीन विचित्र इलो की, "ह्या पार्सल खंयसून इला?" लग्न होऊन सून आली आणि पहिल्याच दिवशी सासूला उलटून बोलली, तर आजी म्हणाली होती, "पार्सल उघडल्याशिवाय कळत नाय." ती सून म्हणजे माझी आई. दोघींचं पुढे झकास जमलं.

मिसळ_दोन_पाव

हॉटेलातलं पार्सल विसरलात. "इथे खाणार की पार्सल?" ह्यातलं पार्सल म्हणजे घरी नेणं. बस, बाकी काही नाही. माझ्या हॉटेलात एक गुरुजी येतात, प्लास्टिक नको म्हणून स्वतःचा डबा आणतात. मी डब्यात रस्सा ओततो आणि पोरगा आत ओरडतो, "एक मिसळ पार्सल!" कागद नाही, पिशवी नाही, दोरी नाही. डबाही गिऱ्हाइकाचा. तरी पार्सलच.

इंग्लंडात आमचा एक नातेवाईक दुकानात जाऊन "वन करी पार्सल" म्हणाला तर समोरची बाई गोंधळली. तिथे टेकअवे म्हणतात म्हणे.

शब्दवेडी

म्हणजे इंग्रजांनी तुकड्याला कागद गुंडाळला आणि आपण तो कागदही काढून टाकला. नुसतं 'नेणं' ठेवलं.

वाडीतला

धाग्याची सुरुवात मी केली खरी, पण आता मी मागच्या बाकावर बसलोय. तरी आज संध्याकाळी जे दिसलं ते सांगतो.

हर्णैला मासळी आणायला गेलो होतो. संध्याकाळचा लिलाव, समोर सुवर्णदुर्ग, होड्यांतून माल किनाऱ्यावर येतोय, नेहमीचं दृश्य. मोठा लिलाव आपल्यासाठी नसतो. आपण कडेला बसलेल्या बायकांकडून घेतो. एका मावशींनी ओल्या फळीवर मांदेलीचे ढीग घातले होते. सारखे सारखे, सात ढीग. मी विचारलं, "मावशी, वाटा कसा?" आणि विचारता विचारताच थांबलो.

वाटा!

वाटा म्हणजे हिस्सा. वाटण्यातून आलेला. जमिनीतला वाटा, बापाच्या इस्टेटीतला वाटा. आणि तोच शब्द मासळीच्या ढिगाला. होडी आली की मासळीचे वाटे पडतात, मालकाचा, जाळ्याचा, खलाशांचा. तिथला वाटा म्हणजे हिस्सा. फळीवरचा वाटा म्हणजे विकायचा ढीग, लॉट. शब्दवेडी ताईंनी सांगितलेली पंधराव्या शतकातली पायरी माझ्यासमोर ओल्या फळीवर मांडलेली होती.

मी म्हटलं, "दोन वाटे द्या." मावशींनी दोन ढीग एकत्र केले, मूठभर वर टाकली, पानात घातले, पान कागदात, कागदाला गाठ मारली आणि माझ्याकडे न बघता मागे बसलेल्या मुलीला म्हणाल्या, "ह्यांचा वाटा पिशवीत टाक." ह्यांचा वाटा! एक मिनिटापूर्वी ढीग होता, आता बांधलेलं पुडकं, आणि नाव तेच. इंग्रजांना ज्याला दोनशे वर्षं लागली ते मावशींनी एका मिनिटात केलं.

मांदेली तळली. फार बरी लागली.

भातमळणी

व्वा. मासळीचा वाटा आयुष्यभर घेत आलो, कधी ऐकला नाही.

पर्णकुटी

आणि पानात बांधून दिले. नोंद घ्यावी.

काळा_कोट

आता मलाही बोलू द्या. पार्सलचं एक भावंड मला कोर्टात रोज भेटतं: कोपार्सनर. मराठी कायद्यात सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानेच हिस्सा असलेला. जुन्या फ्रेंचमध्ये हिस्सेकऱ्याला 'पार्सोनिये' म्हणत, त्याचं इंग्रजीत पार्सनर झालं, आणि त्याचंच तोंड बदलून पुढे पार्टनर. मूळ तेच लॅटिन पार्स. म्हणजे धंद्यातला पार्टनर, एकत्र कुटुंबातला कोपार्सनर आणि पोस्टातलं पार्सल एकाच सातबाऱ्यावरचे.

कोकणात ह्या शब्दाला वजन आहे. हिंदू एकत्र कुटुंबात पूर्वी मुलगेच जन्माने सहदायाद असत. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना तो हक्क दिला, पण ज्यांची लग्नं आधीच झाली होती त्या बाहेर राहिल्या. मग केंद्राची दुरुस्ती आली, ९ सप्टेंबर २००५ पासून लागू, आणि मुलगी मुलासारखीच जन्माने सहदायाद झाली, लग्न झालेली असो वा नसो. त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, हा वाद बरीच वर्षं चालला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं, गरज नाही. त्याआधीही, १९५६ च्या कायद्याने, वडलांच्या वाट्यात मुलीला वारस म्हणून हिस्सा होताच. म्हणूनच तुमच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं आहेत, त्यातली निम्मी बहिणींची आणि आत्यांची असणार.

आणि आपल्या कायद्यात तुकडा हा शब्दही साधा नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा आहे. ठरलेल्या प्रमाणाहून लहान जमिनीला त्यात 'तुकडा' म्हणतात आणि तसे तुकडे पाडायला मनाई आहे. पार्सल नकोत असं सांगणारा कायदा, आणि प्रत्येक पार्सलला नंबर देणारा उतारा.

धागाकर्त्यांनी हक्कसोडपत्राचा उल्लेख केलाय म्हणून सहज विचारते, सह्या कोणाकोणाच्या घेताय?

टंडेलाचा_नातू

पार्सलवरून लिफाफ्याकडे जातो, थोडं विषयांतर होईल.

आजोबा गेले तेव्हा मी चोवीस वर्षांचा. पुरुषाच्या कफनाचे तीन कपडे असतात. इजार, कमीस आणि सगळ्यांत बाहेरचा, डोक्यापासून पायापर्यंत वेढणारा, तो लिफाफा. मौलवी म्हणाले, "लिफाफा पसरा," आणि मी क्षणभर तसाच उभा. मला लिफाफा म्हणजे पोस्टाचा. आजोबा परदेशी बंदरातून पाठवायचे तो, कडेला लाल-निळ्या रेघा असलेला. आईला ते वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवायचो.

नंतर कळलं की अरबीत लिफाफा म्हणजे गुंडाळायचं कापड, आवरण. पत्राचा अर्थ त्यातूनच आलेला. आधी डावी बाजू आत घेतात, मग उजवी तिच्यावर.

शब्दवेडी

(वाचलं. ह्यावर काही लिहायला सुचत नाही.)

वाडीतला

काळा_कोट ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तीन दिवस लावले, कारण उत्तर सरळ नाही.

सह्या आत्यांच्या घ्यायच्या होत्या. दोघी आहेत, एक डोंबिवलीला, एक कोल्हापूरला. तेवीसमधल्या बाकीच्यांचं नंतर बघू, आधी घरचं, असं थोरल्या भावाचं म्हणणं. कागद तयार आहे. "आत्या काय, सही करतील. त्यांना काय जागेत यायचंय थोडंच," असं आमच्या घरात बोललं जातं. मीही बोललोय.

आता दुसरी गोष्ट. आमच्या घरामागे एक जुना हापूस आहे, आजोबांनी लावलेला. ते गेल्यापासून दर मे महिन्यात त्या झाडाचे आंबे उतरले की आजी आधी दोन पेट्या बाजूला काढायची. आढीतले नाही, झाडावरून उतरवलेले कच्चे, देठ ठेवून. तळाला गवत, मग आंब्यांचा थर, मग गवत. वर फळी ठोकायची. पूर्वी बोटीने भाऊच्या धक्क्याला, मग एसटीने, आता पुठ्ठ्याचा खोका आणि खासगी गाडी. ती त्याला पेटी म्हणायची नाही, पार्सलही नाही. "पोरींचा वाटा गेला का?" असं विचारायची. आजी जाऊन अकरा वर्षं झाली, आई तेच म्हणते. आम्ही सगळे तेच म्हणतो. पाच डझनांची पेटी पाठवायची आणि म्हणायचं, आत्याचा वाटा पाठवला.

इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, आपण आंब्याबद्दल बोलतोय.

काळा_कोट

समजलं. कायद्याचं तेवढं सांगते. हक्कसोडपत्र नोंदवल्याशिवाय चालत नाही, आणि एकदा नोंदवलं की सहज फिरवता येत नाही. सही घेण्याआधी दोघींना कागद वाचायला द्या. घरी, निवांत. नोंदणी कार्यालयाच्या बाकावर नाही. पुढचं तुम्ही घरातले बघा.

सावंतवाडीचो_झील

आत्येक आंबे आवडतत की जागा, ता आधी इचारा.

चाकरमानी_चारशेवीस

@झील, दोन्ही आवडत असतील तर?

वाडीतला

शेवटचं कळवतो, मग धागा तुमच्या हवाली.

ह्या वर्षीच्या पेट्या परवा गेल्या. डोंबिवलीच्या पेटीत आंब्यावर सातबाऱ्याची प्रत आणि हक्कसोडपत्राचा मसुदा प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला. भाऊ चिडला, "आंब्यात कागद कशाला?" मी म्हटलं, पार्सल आहे. त्याला काही कळलं नाही, त्याने हा धागा वाचलेला नाही.

आज सकाळी आत्याचा फोन आला. म्हणाली, "वाटा पोचला. चार आंबे डागी निघाले, गवत कमी घातलंत. आणि तो कागद चष्मा लावून वाचतेय, दुसऱ्या पानावर आलेय. घाई नाही ना?"

म्हटलं, नाही.